कौलं घातलेला स्लॅब

व्हिडिओ आला तेव्हा मी पेणच्या बाजारात वालाच्या शेंगा घेत होते. चुलतभावाने पाठवला होता, सोबत एक शब्दही नव्हता. तेवढ्यानेच मला धास्ती वाटली, कारण दादाला 'पोचलो' एवढं कळवायचं असलं तरी तो दोन मिनिटांचा आवाज पाठवतो.

व्हिडिओत एक छत होतं. मी ते लगेच ओळखलं, त्याचं ड्रॉइंग माझंच होतं. काँक्रीटच्या पट्ट्या आणि त्यांच्यामधल्या चौकोनांत तांबडी कौलं. घोडीवर चढलेल्या माणसाचा हात वर गेला, त्याने एका कौलाची कड बोटाने टोकरली आणि बिस्किटाएवढा तुकडा सुटून त्याच्या तळहातावर आला. "बघा," मागून आवाज आला, "आपल्या घराच्या स्लॅबमध्ये काय घातलंय बघा. गावातली जुनी कौलं. भंगार भरलंय, भंगार."

शेंगा तिथेच टाकून मी रस्त्याच्या कडेला आले आणि दादाला फोन लावला.

"बुकिंगवाल्यांच्या ग्रुपवर गेलाय," तो म्हणाला. "सगळ्यांनी बघितला. रविवारी सगळी साइटवर येतायत. तूच ये आणि तूच बोल त्यांच्याशी."

निडी स्टेशनपासून थोडं आत दादाची जागा होती. रोह्याच्या कंपन्यांत कंत्राटावर काम करणाऱ्या लोकांसाठी तिथे छोट्या घरांची एक रांग बांधायची असं त्याने ठरवलं होतं. मी आर्किटेक्ट, ऑफिस पेणला, म्हणून त्याने मला बोलावलं. मी आधी त्या लोकांच्या भाड्याच्या खोल्या बघून आले. वर पत्रा, खाली माणसं. एप्रिलच्या दुपारी रात्रपाळी करून आलेला माणूस तिथे झोपूच शकत नव्हता, ओला पंचा अंगावर घेऊन बाहेर सावलीत बसायचा. घर स्वस्त हवं आणि त्यात दिवसा झोपता आलं पाहिजे, एवढंच मी डोक्यात धरलं.

त्यातून कौलांच्या स्लॅबची गोष्ट निघाली. स्लॅबच्या खालच्या भागात ताण लोखंडी सळई घेते. तिथलं बरंचसं काँक्रीट नुसतं वजन वाढवतं. त्या जागी दोन कौलं तोंडाला तोंड लावून ठेवली की सिमेंट वाचतं, स्लॅब हलका होतो, आणि कौलांच्या मधल्या हवेमुळे वरचं ऊन खाली उतरत नाही. यात माझा शोध काही नव्हता. कॉलेजात शिकले होते, इतर ठिकाणी बांधलेलं बघितलंही होतं. आणि कौलं तर आमच्याकडे फुकट पडलेली. गडब, कासू, जिथे जावं तिथे लोक घरांवरची कौलं उतरवून स्लॅब टाकत होते, आणि उतरवलेली कौलं परसात रचून त्यांवर वेली चढत होत्या. मी टेम्पो घेऊन गावोगाव फिरले आणि ती गोळा केली. एकेक वाजवून घेतलं, भिजत घालून बघितलं. घरं बुक करणाऱ्यांना कागदावर सगळं दाखवलं होतं, त्यांनी माना डोलावल्या होत्या. पण कागदावरचं छत वेगळं आणि डोक्यावरचं वेगळं.

रविवारी मी पोचले तेव्हा पहिल्या घरापुढे गर्दी उभी होती. बाकीच्या घरांच्या भिंती वर आल्या होत्या, पण स्लॅब या एकाच घरावर पडला होता आणि त्याच्या खालचं फळ्यांचं सेंट्रिंग नुकतंच काढलं होतं. कोणी आत जात नव्हतं. दारातून वाकून छताकडे बघत होते. मला वाट देताना लोक जरा जास्तच मागे सरले.

मी आत जाऊन मधोमध उभी राहिले आणि समजावायला लागले. ताण, सळई, पट्ट्या, हवा. माझं मलाच जाणवत होतं की मी फार भरभर बोलते आहे.

एक बाई दारात आल्या. कासूच्या बाजूच्या, कंपनीच्या कँटीनमध्ये काम करणाऱ्या. नवरा त्याच कंपनीत लोडिंगला. बुकिंगच्या वेळी सगळ्यांत जास्त प्रश्न त्यांनीच विचारले होते, संडास कुठे, पाणी कुठून, कपडे वाळत कुठे घालायचे. त्यांनी मला शांतपणे शेवटपर्यंत बोलू दिलं.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "तुमचं सगलं खरं असंल. मी स्लॅबातलं काय जाणत नाय. पण आमी जन्मभर कौलाखाली राह्यलो. गळकी कौलं, माकडांनी फोडलेली कौलं. त्यातून सुटाय म्हणून स्लॅबचं घर घेतला. आता स्लॅबात पण कौलंच?"

मागून कोणी तरी हसलं. त्या हसल्या नाहीत.

"आनि तो तुकडा पडला तो?"

"ताई, कौल वजन घेत नाही. ते फक्त जागा भरतं. तुटलं तरी स्लॅबला काही होत नाही."

"ते तुमी म्हणताय."

मी म्हणत होते, एवढंच खरं होतं.

गर्दी पांगल्यावर दादा गाडीत बसला आणि काच वर केली. मी शेजारी बसले.

"ऐक," तो म्हणाला. "आता वाद नको. या घराला खालून पीओपी मारू, कौलं दिसायलाच नकोत. बाकीच्यांना साधा स्लॅब टाकू. खर्च वाढणार, मग मागच्या पडव्या काढून टाकायच्या. वरचे झरोके पण. खिडकी आहे, पुरे झालं."

पडव्या पश्चिमेच्या उन्हासाठी होत्या. झरोके गरम हवा बाहेर जावी म्हणून. ते काढलं की उरत होती ती पत्र्याऐवजी काँक्रीटची भट्टी.

"झाकलंस तर ते म्हणतील लपवलं," मी म्हणाले. "आणि खरंच लपवलेलं असेल."

"मग काय करू? तू सांग. उद्या सगळ्यांनी बुकिंग मोडलं तर मी काय करू?"

"लोड टेस्ट. सगळ्यांसमोर. स्लॅबवर पोती रचायची, ठरलेल्या वजनापेक्षा जास्त, आणि किती वाकतो ते मोजायचं."

"आणि पडला म्हणजे?"

"माणसं राहायला आल्यावर पडण्यापेक्षा आत्ता पडलेला बरा."

बोलून गेले.

स्लॅबचा हिशोब माझ्या कॉलेजातल्या सरांनी तपासून दिला होता. आता निवृत्त, पनवेलला राहतात. मी फोन केला तेव्हा त्यांनी आधी एकच विचारलं, "काँक्रीट टाकलं तेव्हा तू तिथे होतीस?"

"पूर्ण वेळ, सर."

"मग टेस्ट घे. मी येतो."

टेस्टपर्यंतचे दिवस वाईट गेले. मी होते तिथे, खरंच पूर्ण वेळ होते. पण डोळे मिटले की काय काय दिसायचं. एखाद्या कौलाखाली सळई सरकली असेल का? पट्टीत काँक्रीट नीट बसलं नसेल का? मी त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा तपासत होते आणि दर वेळी तेच उत्तर येत होतं, तरी धीर येत नव्हता. बाबा निवृत्त शिक्षक, घरात आम्ही दोघंच. जेवताना त्यांनी विचारलं, "तुला खात्री आहे ना?"

"हिशोबाची आहे."

त्यांनी आमटी माझ्या पुढे सरकवली, मी घेतलीच नव्हती.

टेस्टच्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी साइटवर गेले. दोन्ही बाजूंना वालाची शेतं अजून दवात होती. दार उघडून आत शिरले आणि सवयीने वर बघितलं.

एका पट्टीच्या कडेने चीर गेली होती.

केसाएवढी बारीक, पण हातभर लांब. काल नव्हती. किंवा काल मला दिसली नव्हती, यातलं काय जास्त वाईट ते मला ठरवता येईना. मी घोडी ओढली, वर चढले, नख फिरवून बघितलं. नख अडकत नव्हतं. फोटो काढून सरांना पाठवला आणि दोन्ही टोकांना पेन्सिलने आडव्या खुणा केल्या. एक खूण घाईत वाकडी आली.

सरांचा फोन आला. ते गाडीत होते, वाटेवर. "फोटोवरून वरवरची वाटते. कौल आणि काँक्रीट वेगवेगळं आकसतं, तिथे अशी जाते. पण फोटोवरून मी शपथ घेणार नाही. टेस्ट पुढे ढकलायची असेल तर आत्ता सांग."

मी उत्तर देण्याआधी दादा दारात येऊन उभा राहिला होता. त्याने माझी नजर जिथे होती तिथे बघितलं.

"पुट्टी आहे साइटवर," तो हळूच म्हणाला. "पाच मिनिटांचं काम आहे. लोक अजून आले नाहीत."

"नको."

"अगो, आपण दोघंच आहोत इथे."

"दादा, नको."

तो वळून बाहेर गेला. बाहेर पोत्यांत वाळू भरायला माणसं लागली होती, त्यांच्यावर उगाच ओरडल्याचा आवाज मला आत ऐकू आला. मी सरांना म्हणाले, "टेस्ट आजच घेऊ."

लोक जमले. कँटीनमधल्या ताई शिफ्ट बदलून आल्या होत्या, अंगावर अजून कंपनीचा निळा एप्रन. मी सगळ्यांना दारात बोलावलं आणि काठीने चीर दाखवली. मग एकदम सगळे बोलायला लागले.

"म्हणजे वजन टाकायच्या आधीच फुटला?"

"बघायचं काय राह्यलं मग?"

"ही चीर वरवरची आहे असं आम्हाला वाटतं," मी म्हणाले. "खरं काय ते आज कळेल. दोन खुणा केल्यात. वजनाखाली चीर खुणांच्या पुढे गेली किंवा रुंद झाली तर मी स्वतः हा स्लॅब तोडायला सांगेन."

ताई म्हणाल्या, "सकाली बघितलीत ना ही? मग बुजवली का नाय?"

दादा माझ्या मागे उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

"तुम्हाला दाखवायची होती म्हणून," मी म्हणाले.

सर आले. सत्तरीचे, बारीक, टोपी घातलेले. त्यांनी चीर बघितली, मान हलवली आणि कामाला लागले. स्लॅबखाली लोखंडी टेकू उभे केले. लगेच आवाज आला, "टेकू लावून कसली टेस्ट?" सरांनी त्या माणसाला जवळ बोलावलं आणि टेकू आणि स्लॅबच्या मधल्या फटीतून स्वतःचा हात सरकवून दाखवला. "स्लॅब आला तर माणसं दबू नयेत म्हणून आहेत हे," ते म्हणाले. हे ऐकून लोकांना धीर आला असं काही म्हणता येणार नाही.

छताच्या मधोमध खालून काट्याचं मोजयंत्र लावलं. स्लॅब केसाएवढा वाकला तरी काटा सरकतो. वर पोती चढू लागली. सरांनी रांगांच्या मध्ये फटी ठेवायला सांगितल्या. पोती एकमेकांना टेकली की आपसांतच कमान धरतात आणि स्लॅबवर पुरतं वजन येत नाही. प्रत्येक थर झाला की कोणी तरी आत जाऊन काटा वाचायचा होता. सरांच्या डोळ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं.

"तू वाच," ते म्हणाले.

दर वेळी मी टेकूंमधून वाकून आत जायची, काट्याशी डोळा न्यायची, आकडा ओरडून सांगायची. आत गार होतं. वर माणसांच्या पावलांचे आणि पोत्यांच्या आदळण्याचे आवाज दबून येत होते. काटा सरकत होता. सरकायलाच हवा होता, हिशोबात तसंच होतं, तरी दर वेळी मी तो दोनदा वाचायची. बाहेर येताना मी चिरेकडे बघायची. खुणांच्या आतच.

शेवटच्या थराचा काटा वाचायला मी आत होते. डोक्यावर कुठे तरी 'टक्' झालं आणि माझ्या खांद्याच्या बाजूने काही तरी खाली येऊन फुटलं.

बाहेर किंचाळी उठली. पळापळ झाली. वरची माणसं शिडीकडे धावली, त्याने आणखी धूळ पडली. दादाने माझ्या नावाने हाक मारली, लहानपणी विहिरीवर मारायचा तशी. मला बाहेर पळायचं होतं. पायांनी तसं ठरवलंही होतं. पण मी काट्याकडे बघितलं, आणि काटा होता तिथेच होता. जमिनीवर तांबडे तुकडे पडले होते. वर, चौकोनात, एका कौलाचा खालचा कोपरा गेला होता आणि आतली काळी पोकळी दिसत होती. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या जशाच्या तशा.

मी आकडा ओरडून सांगितला. कोणी ऐकला नाही. पुन्हा सांगितला. सरांचा आवाज आला, "परत वाच." मी परत वाचला. तोच.

मग मी एक तुकडा उचलून बाहेर आले. उन्हात सगळे लांब, बांधावर जाऊन उभे होते. ताई एकट्या अंगणात होत्या. त्यांनी माझ्या हातातून तुकडा घेतला.

"पडला," त्या म्हणाल्या.

"पडला. काटा हलला नाही."

"खरं?"

"या, दाखवते."

मी असं म्हणायला नको होतं. सरांनी ताबडतोब हात आडवा धरला. "आत दुसरं कोणी जाणार नाही." ताईंनी सरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दारातूनच वाकून जेवढं दिसत होतं तेवढं बघून घेतलं.

वजन दुसऱ्या दिवसापर्यंत वर ठेवायचं होतं. कोणी जवळ जाऊ नये म्हणून दोरी बांधली, राखणीला माणूस ठेवला. मी पेणला परत आले आणि तशीच आडवी झाले. दुसऱ्या सकाळी काटा थोडा पुढे गेला होता, सरांनी सांगितलं होतं तेवढाच. पोती उतरवली. मग आणखी एक दिवस थांबायचं, स्लॅब परत वर येतो का ते बघायचं. वाकला तर वाकू दे, वजन काढल्यावर त्याने उठलं पाहिजे, असं सर लोकांना सांगत होते. त्या दिवशी साइटवर फार कोणी आलं नाही. ताईंचा मात्र कँटीनमधून फोन आला, मागे भांड्यांचा दणदणाट. "उठला का?"

"उद्या कळेल, ताई."

उठला. जेवढा उठायला हवा होता त्याहून जास्त. चीर खुणांच्या आतच राहिली होती, नख अजूनही अडकत नव्हतं. सरांनी कागदावर सही केली, चहा घेतला आणि जाताना मला म्हणाले, "कौलांच्या कडा सुटतायत तिथे जाळी मारून पातळ गिलावा कर. स्लॅबला गरज नाही, माणसांना आहे." ते बरोबर होतं. मी केलं.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. व्हिडिओ ज्याने काढला त्याने बुकिंग मोडलं, त्याच्या मागून आणखी काहींनी. कागद बघूनही त्यांचं मन मानेना, आणि मी त्यांना दोष देऊ शकले नाही. कौल पडताना त्यांनी बघितलं होतं. काटा कोणी बघितला नव्हता. दादाने उरलेल्या घरांचे दोन भाग केले. ज्यांना चालत होतं त्यांना कौलांचा स्लॅब, बाकीच्यांना साधा. पडव्या आणि झरोके यांवर मी अडून बसले, आमच्यात दोनदा जोरात भांडण झालं, शेवटी ते सगळ्या घरांना राहिले. रोह्याला त्याने नंतर इमारत काढली त्याचं काम त्याने दुसऱ्याला दिलं. मला ते एका लग्नाच्या पंगतीत कळलं. त्याने वाढप्याला हाक मारून माझ्या पानात जिलबी वाढायला लावली आणि विषय बदलला.

कोणी कुठलं घर घ्यायचं ते ठरत होतं तेव्हाची गोष्ट. पहिल्या घराकडे कोणी बघत नव्हतं. पोती त्याच्यावर चढली, कौल त्याचं पडलं, चीर त्याला. दादा म्हणत होता, ते मी गोडाऊनला ठेवतो. ताई नकाशा हातात घेऊन उभ्या होत्या.

"मला पयलं घर द्या," त्या म्हणाल्या.

दादाला वाटलं त्यांना कळलं नाही. "वहिनी, ते टेस्टचं घर आहे."

"व्हय. म्हणून तर. बाकीच्यांवर कुठं कोनी वजन ठेवून बघितलाय?"

पुढच्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे गेले. दुपार रणरणत होती. नवरा रात्रपाळी करून आत झोपला होता, घोरण्याचा आवाज येत होता. आम्ही मागच्या पडवीत बसलो. शेजारचं साध्या स्लॅबचं घर जास्त तापतं, असं शेजारणीनेच त्यांना सांगितलं होतं. मी खूश झालेली बघून त्या म्हणाल्या, "पण पयला महिना मी वर बघत पडायची हां. झोप नाय यायची. कुठं टक् वाजलं का उठून बसायची."

"आता?"

"आता नाय." मग त्यांनी कामाचं काढलं. लेक बाळंतपणाला येणार होती. झोळीसाठी छताला कडी हवी होती. ड्रिलवाला बोलावला होता, येतच असेल. कुठे मारायची ते मी दाखवावं.

बाळाची झोळी म्हटल्यावर मला टेस्टच्या वेळचं ते 'टक्' आठवलं. मी म्हणाले, झोळी चौकटीला बांधा, नाहीतर लोखंडी पाळणा घ्या.

त्या चिडल्या. "मॅडम, एवढी पोती ठेवलीत त्याच्यावर. आनि एक पोर टांगायला घाबरताय?"

मी फोनवर जुनं ड्रॉइंग उघडलं, सळया कुठून गेल्यात ते मोजलं, परत मोजलं, आणि पट्टीवर सळई चुकवून खूण करून दिली. ड्रिलवाला आला. नवरा आवाजाने उठून डोळे चोळत दारात उभा राहिला. काँक्रीटची राखाडी भुकटी खाली पडायला लागली, ताईंनी त्याच्याखाली वर्तमानपत्र पसरलं. ड्रिल थांबेपर्यंत मी तिथून हलले नाही.